अट आणि विनंती : घर विकण्याच्या बोलण्यांचे साहित्यरूप

१

साहित्यकृतीत घर विकले जाते तेव्हा समीक्षेचे लक्ष बहुधा घराकडे असते, विक्रीकडे नसते. घर हे स्मृतीचे, कुळाच्या सातत्याचे, एका जीवनपद्धतीचे प्रतीक आहे असे एकदा मानले, की त्याची विक्री म्हणजे त्या जीवनपद्धतीचा अंत हे समीकरण ओघानेच येते आणि समीक्षेला शोकाचा स्वर आयता सापडतो. गास्ताँ बाशलार यांच्या अवकाशाच्या काव्यशास्त्राने या प्रवृत्तीला तात्त्विक प्रतिष्ठा मिळवून दिली. माळा, तळघर, कोपरे, खण आणि पेट्या यांतून माणसाचे अंतर्विश्व कसे आकारते याचे त्यांचे विवेचन अतिशय समृद्ध आहे. परंतु बाशलार यांचे घर विकायला काढलेले नसते. त्याला दर नसतो, त्याच्यावर बोजा नसतो आणि ते पाहायला दारात कोणी परका माणूस उभा नसतो.

विक्रीला मात्र किमान दोन माणसे लागतात आणि त्यांच्यामध्ये एक विशिष्ट भाषाव्यवहार घडावा लागतो. मराठीत त्याला 'बोलणी' असे अनेकवचनी नाव आहे. पहिला आकडा कोणी उच्चारायचा, कोणी गप्प राहायचे, कोणी विषय टाळायचा, मध्यस्थ कोणी आणायचा, या गोष्टी साहित्यकृतीत जिथे येतात तिथे त्या तपशील म्हणून बाजूला सारण्यासारख्या नसतात. त्या संहितेच्या रचनेचा भाग असतात. अन्तोन चेकॉव्ह यांचे 'द चेरी ऑर्चर्ड' (१९०४), टॉमस मान यांची 'बुडेनब्रूक्स' (१९०१) आणि महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या तीन कृती या दृष्टीने एकत्र वाचल्या असता एक सूत्र हाती लागते. घराच्या सौद्यातील घासाघीस ही केवळ किमतीची ओढाताण नसते, तो अट घालण्याचा अधिकार असतो. ती हीन मानणारा मालक आपली प्रतिष्ठा राखत नाही; तो हा अधिकार गमावतो, आणि जे अट म्हणून सांगता आले असते ते पुढे त्याला विनंती म्हणून मागावे लागते.

२

सौद्याची बोलणी हा शब्दांनी कृती घडविण्याचा व्यवहार आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत अशा वाक्कृतींचा विचार मांडला. वचन देणे, पैज लावणे, नाव ठेवणे या उक्ती खऱ्या किंवा खोट्या नसतात. त्या साधतात किंवा फसतात. त्या साधण्यासाठी दुसऱ्या पक्षाने त्या ग्रहण कराव्या लागतात. 'इतके देतो' हे वाक्य ऐकणाऱ्याने प्रस्ताव म्हणून ऐकलेच नाही, तर ते नाकारले गेले असेही म्हणता येत नाही. नकारालाही आधी ग्रहण लागते. भारतीय करार कायद्याने (१८७२) प्रस्ताव आणि स्वीकृती या दोन उक्तींच्या मेळावर कराराची उभारणी केली आहे. इसार, साठेखत आणि खरेदीखत ही आपल्याकडील विक्रीची चढती पायरीसुद्धा बोललेला शब्द टप्प्याटप्प्याने बांधला जाण्याचीच पायरी आहे.

मराठी भाषेने या व्यवहारातील संकोचही नोंदवून ठेवला आहे. 'किंमत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वस्तूला किंमत असते आणि माणसालाही किंमत असते. एखाद्याला 'काडीचीही किंमत नाही' असे म्हणताना बाजाराचा शब्द अब्रूच्या प्रांतात शिरलेला असतो. त्यामुळे वडिलार्जित घराची किंमत उच्चारणे म्हणजे घराण्याचीच किंमत ठरू देणे, असे भय मनात उभे राहते. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची रीत आहे. तिथे आकडा झाकला जातो तो भोवतीच्या तिसऱ्या माणसापासून. देणारा आणि घेणारा यांच्यात तो नेमकेपणाने पोचतो. अभिजन घराच्या सौद्यात याच्या उलट घडते. तिथे आकडा सगळ्या गावाला ठाऊक असतो, पण ज्या दोघांनी तो एकमेकांना सांगायचा त्यांच्यामध्येच तो उच्चारला जात नाही. उपरण्याखालचे मौन व्यवहार घडविते, तर दिवाणखान्यातले मौन तो अडवून धरते.

३

'द चेरी ऑर्चर्ड'मध्ये लोपाखिन हा व्यापारी पहिल्याच अंकात रानेव्हस्काया आणि तिचा भाऊ गाएव्ह यांच्यापुढे एक पुरा प्रस्ताव ठेवतो. कर्जापायी मालमत्तेचा लिलाव २२ ऑगस्टला ठरलेला आहे. शेजारून रेल्वे गेलेली आहे. बाग तोडून, जमिनीचे तुकडे पाडून ते उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने दिले, तर दर देस्यातिनामागे वर्षाला २५ रूबल आणि एकूण किमान २५,००० रूबल उत्पन्न होईल. निर्णय झाल्यास ५०,००० रूबलचे कर्ज उभे करून देण्याची तयारीही तो दाखवितो. मुदत, दर, उत्पन्न आणि भांडवल हे सारे या प्रस्तावात आहे. शिवाय यात जमीन मालकाकडेच राहते. लोपाखिन या क्षणी खरेदीदार नाही; खरेदीदार येण्यापूर्वीचा मार्ग तो दाखवीत आहे.

या प्रस्तावाला उत्तर मिळत नाही. गाएव्ह त्याची वायफळ म्हणून संभावना करतो आणि थोड्याच वेळाने शंभर वर्षांच्या जुन्या पुस्तकांच्या कपाटाला उद्देशून भाषण करतो. पुढच्या अंकात लोपाखिन होय किंवा नाही एवढा एकच शब्द मागतो, तेव्हा रानेव्हस्कायाला बंगले आणि त्यांत उतरणारे लोक हे सारेच हलक्या अभिरुचीचे वाटते. ऑस्टिन यांच्या परिभाषेत सांगायचे, तर लोपाखिनची वाक्कृती ग्रहणाअभावी फसते. त्याचे बोलणे कानांवर पडते, पण प्रस्ताव म्हणून ऐकले जात नाही. याचे कारणही संहितेत आहे. त्याचे वाडवडील याच इस्टेटीवर भूदास होते आणि त्यांना स्वयंपाकघरातही प्रवेश नव्हता. ज्याच्याशी बोलणी करायची, त्याला आधी बोलणीचा दुसरा पक्ष म्हणून मान्य करावे लागते. रानेव्हस्कायाच्या मनात लोपाखिनविषयी माया आहे, परंतु समोरासमोर बसून आकडा बोलण्याइतकी समानता त्या मायेत नाही.

बोलणी न झाल्यामुळे जे घडते ते लिलावात घडते. लिलावात आकडा सर्वांत मोठ्याने उच्चारला जातो, मात्र तिथे विकणाऱ्याला वाचा नसते. यारोस्लाव्हलच्या नातलग वृद्धेने पाठविलेले १५,००० रूबल घेऊन गाएव्ह तिथे उभा असतो. देरिगानोव्ह कर्जावर ३०,००० रूबल चढवून बोलीला सुरुवात करतो, आणि गाएव्हचा संबंध तिथेच संपतो. देरिगानोव्ह पाचांनी चढतो, लोपाखिन दहांनी, आणि कर्जावर ९०,००० रूबल चढवून लोपाखिन मालक होतो. परतलेल्या गाएव्हला ही वार्ताही सांगवत नाही. तो खाण्याच्या पुड्या म्हाताऱ्या फिर्सच्या हाती देतो आणि आतून बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज येताच त्याचा चेहरा पालटतो. घर कोणी घेतले हे अखेर घेणाऱ्यालाच सांगावे लागते. नाटकभर जो आकडा टाळला गेला तो खरेदीदाराच्या तोंडून, हर्ष आणि अश्रू यांच्या विलक्षण मिश्रणात बाहेर पडतो.

यानंतरच्या तीन गोष्टी नाटकाच्या अर्थाच्या दृष्टीने निर्णायक आहेत. पहिली गोष्ट पैशाची आहे. कर्ज फिटून उरणारी रक्कम एरवी मालकाकडे येते. चौथ्या अंकात त्या रकमेविषयी अवाक्षर नाही. रानेव्हस्काया पॅरिसला निघते ती त्या वृद्धेच्या पैशांवर. विक्री झाल्यानंतरही विक्रीचा पैसा बोलण्यात येत नाही, इतके हे मौन खोल आहे. दुसरी गोष्ट कुऱ्हाडीची आहे. कुटुंब अजून घरात असतानाच बागेत तोड सुरू होते, आणि आम्ही जाईपर्यंत थांबा असा आईचा निरोप आन्या लोपाखिनपर्यंत पोचविते. सबंध नाटकात विकणाऱ्या पक्षाने घेणाऱ्याला घातलेली ही पहिली आणि एकमेव 'अट'. ती येते मालकी गेल्यानंतर, मुलीच्या तोंडून आणि निरोपाच्या रूपात. म्हणून ती अट राहत नाही, विनंती होते. लोपाखिन ती मान्य करतो, पण मान्य करणे आता सर्वस्वी त्याच्या हाती आहे.

तिसरी गोष्ट फिर्सची. आजारी म्हाताऱ्या नोकराला रुग्णालयात पाठविले असे प्रत्येकजण गृहीत धरतो आणि तो कुलूपबंद घरात राहून जातो. नाटकाचा हा शेवट कालप्रवाहाच्या प्रतीकासारखा वाचण्याची रीत आहे. तो सौद्याच्या अंगाने वाचला, तर अधिक कठोर दिसतो. घर देताना त्यातल्या माणसांचे काय, हा कोणत्याही बोलणीतला साधा प्रश्न आहे. बोलणीच झाली नाही, म्हणून हा प्रश्न कोणीही कोणाला विचारला नाही. मालकाच्या मौनाची किंमत अखेर मालकाने मोजलेली नाही. ज्याच्याजवळ विकण्यासारखे काहीच नव्हते त्याने ती मोजली आहे.

मौनाचा हा दोष चेकॉव्ह यांनी एका पक्षापुरता ठेवलेला नाही. लिलावात दहादहा हजारांनी चढणारा लोपाखिन वार्यासमोर लग्नाचा प्रस्ताव उच्चारू शकत नाही. तो थंडीविषयी बोलतो, ती फुटलेल्या थर्मामीटरविषयी बोलते, आणि हाक येताच तो निघून जातो. आकडा बोलता येणे ही माणूसपणाची पुरेशी खूण नव्हे, याची जाणीव नाटककाराला आहे.

या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचा इतिहासही या संदर्भात अर्थपूर्ण ठरतो. लोपाखिनची भूमिका स्तानिस्लाव्हस्की यांनी करावी अशी चेकॉव्ह यांची इच्छा होती. स्तानिस्लाव्हस्की यांनी गाएव्ह स्वीकारला. लेखक नाटकाला सुखात्मिका म्हणत राहिला आणि दिग्दर्शकाला त्यात शोकात्मिका दिसली. हा मतभेद सामान्यतः सुराविषयीचा मानला जातो, परंतु त्याच्या मुळाशी नाटकाचा मध्यबिंदू विकणाऱ्यात शोधायचा की घेणाऱ्यात, हा प्रश्न आहे. पुढील शतकातल्या समीक्षेने बहुतांशी गाएव्हच निवडला.

४

'बुडेनब्रूक्स'मधील परिस्थिती वेगळी आहे, कारण इथे विकणारे स्वतः व्यापारी आहेत. आईच्या मृत्यूनंतर मेंगस्ट्रासेवरील जुने घर विकायचे ठरते आणि इच्छुक खरेदीदार निघतो तो हेर्मान हागेनस्ट्रोम, म्हणजे बुडेनब्रूक घराण्याला मागे टाकून वर आलेल्या कुटुंबाचा कर्ता. लहानपणी याच हेर्मानने खाऊच्या बदल्यात टोनीकडे चुंबन मागितले होते आणि तिने त्याला थप्पड मारली होती. एका अर्थाने ती या दोन घराण्यांमधली पहिली फिसकटलेली बोलणीच होती.

मान यांनी या सौद्यात तीन वृत्ती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. टोनीच्या दृष्टीने हागेनस्ट्रोमच्या हाती घर जाणे हा अपमान आहे, मग पैसे कितीही येवोत. टोमासला घेणारा कोण यापेक्षा देतो किती हा प्रश्न व्यवहार्य वाटतो. भावनेपायी चांगले गिऱ्हाईक परत पाठविणे म्हणजे स्वतःचेच नुकसान, हे तो बहिणीला पटवू पाहतो. तिसरा माणूस म्हणजे दलाल गॉश. लोपे दे व्हेगाची नाटके भाषांतरित करण्याचा ध्यास घेतलेला आणि स्वतःही रंगभूमीवरच्या खलपुरुषासारखा वावरणारा हा गृहस्थ वरवर विनोदी वाटतो. परंतु नाट्याची हौस असलेला माणूस दलाल असणे हा योगायोग नव्हे. दोन्ही पक्षांना जे शब्द स्वतःच्या तोंडी शोभत नाहीत ते उसन्या तोंडाने बोलणे, हेच दलालाचे काम असते. त्याच्यामुळे हागेनस्ट्रोम दिवाणखान्यात पाहुण्यासारखा बसू शकतो आणि टोनी मान मागे टाकून हनुवटी छातीशी टेकविण्याच्या आपल्या जुन्या सवयीने यजमानीण राहू शकते. सौदा अखेर ८७,००० मार्कांना पुरा होतो.

टोमासचे वर्तन रानेव्हस्कायापेक्षा शहाणपणाचे आहे यात शंका नाही. तरीही त्याची बोलणी अपुरी राहते. तो आकडा मिळवितो. घराचे पुढे काय करावे याविषयी तो काही मागत नाही. नवा मालक मागची इमारत पाडून रस्त्याच्या बाजूला दुकाने काढतो आणि टोनी तिथून जाताना भर रस्त्यात रडू लागते. किंमत बोलणे आणि अट बोलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे इथे स्पष्ट होते. रानेव्हस्काया दोन्ही टाळते. टोमास पहिली करतो, दुसरी करीत नाही.

कादंबरीच्या रचनेने मात्र टोनीच्या अश्रूंना परस्पर अंतिम सत्याचा मान दिलेला नाही. कादंबरी उघडते ती याच घराच्या वास्तुभोजनाच्या प्रसंगाने. बुडेनब्रूक तेव्हा नवे मालक असतात आणि जेवणाच्या टेबलाभोवती, ज्यांच्याकडून घर घेतले त्या राटेनकाम्प घराण्याच्या उताराची चर्चा चाललेली असते. राटेनकाम्पांच्या घरातली कोणी बाई या रस्त्यावरून जाताना रडली होती काय, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक विकणारा पूर्वी कधीतरी घेणारा होता, एवढे एकच सत्य समोर ठेवले, तरी वंशपरंपरेच्या शोकगीताचा बराचसा जोर ओसरतो. शिवाय टोनीचे स्वतःचे पहिले लग्न ही हुंड्याची बोलणी होती. ग्र्युनलिशला बाजारातली पत सावरण्यासाठी तिचा हुंडा हवा होता. लग्न आणि सौदा या दोहोंना मराठी 'बोलणी' हा एकच शब्द वापरते, याचे मर्म टोनीच्या चरित्रात उतरलेले आहे. घराच्या सौद्यात तिला जो अपमान दिसला, तो स्वतःच्या सौद्यात तिला प्रतिष्ठा म्हणून शिकविला गेला होता.

५

'वाडा चिरेबंदी'ची तुलना चेकॉव्ह यांच्याशी अनेकदा झाली आहे आणि ती बहुधा वातावरण, मंद गती आणि ऱ्हासाची जाणीव या अंगांनी झाली आहे. सौद्याच्या अंगाने पाहिल्यास दोन नाटकांमधील महत्त्वाचा भेद दिसतो. एलकुंचवार यांच्या नाटकात लोपाखिन नाही. रंगमंचावर वावरणारी सगळी माणसे देशपांडे कुटुंबातलीच आहेत. घेणारा, सावकार किंवा गावातला नवा पैसेवाला हे उंबऱ्याबाहेरच राहतात. बाहेरच्या माणसाशी करायची बोलणी त्यामुळे आत वळते आणि भाऊ भावाशी, सासू सुनेशी, नणंद भावजयीशी आडून आडून भाव करू लागते.

तात्याजींच्या मृत्यूनंतर तेराव्याचा खर्च कोणी उचलायचा हा नाटकाच्या गाभ्याचा प्रश्न याच स्वरूपाचा आहे. घराण्याच्या इतमामाला साजेसा विधी व्हायला हवा यावर उघड मतभेद नाही. पैसा कोठून आणायचा हे मात्र थेट बोलवत नाही. मुंबईहून आलेला सुधीर आणि वाड्यात राहिलेला भास्कर हे दोघे एकमेकांची ऐपत चाचपत राहतात. दाराशी गंजत पडलेला ट्रॅक्टर सर्वांना दिसतो. दागिने कोणाला दिसत नाहीत. भास्कर आणि वहिनी रात्री एकान्तात ते बाहेर काढतात. आकड्याचे मौन इथे वस्तूच्या लपवणुकीत रूपांतरित झाले आहे. शेवटी ते सोने कोणत्याही बोलणीविना हातचे जाते. रंजू मास्तरबरोबर निघून जाते आणि दागिने परत येत नाहीत. ज्याची वाटणी मोकळेपणाने बोलता आली नाही, त्याची वासलात चोरीने लागावी, ही या नाटकाची कठोर संगती आहे.

इथेही मौनाची किंमत सारख्या प्रमाणात वाटली गेलेली नाही. प्रभाचे शिक्षण घराण्याच्या प्रतिष्ठेपायी खुंटले आहे आणि चंदूचे सारे आयुष्य घरकामात झिजले आहे. बोलणीच्या कोणत्याही टप्प्यावर या दोघांना खऱ्या अर्थाने पक्ष म्हणून स्थान नाही. फिर्सच्या शेजारी त्यांना उभे करून पाहिले, म्हणजे या दोन नाटकांचे नाते वातावरणापेक्षा खोलवर असल्याचे जाणवते. लोपाखिनच्या अनुपस्थितीचा अर्थही मग नव्याने लागतो. चेकॉव्ह यांनी खरेदीदाराला वाचा दिली आणि कुटुंबाचे बहिरेपण दाखविले. एलकुंचवार यांनी खरेदीदाराला रंगमंचाबाहेर ठेवून, बाहेरच्याशी बोलू न शकणारे घर आपापसात काय करते ते दाखविले. या घराला बाहेरचा श्रोता उरलेला नाही, हे त्याच्या चिरेबंदी असण्याचे खरे लक्षण आहे.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. घराचे मोल पैशात मावत नाही, मग त्याचा भाव करायला न धजणारा माणूस अधिक संवेदनशील का मानू नये? आक्षेपातले पहिले विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. जे पैशात मावत नाही ते सांगण्याची जागाही बोलणीतच असते. अमुक झाड ठेवा, नोकराला त्याच्या हयातीपर्यंत राहू द्या, आम्ही जाईपर्यंत कुऱ्हाड लावू नका, ही वाक्ये भावनेची आहेत, आणि ती वेळेवर उच्चारली तर कराराचीही होऊ शकतात. विनिमयमूल्याच्या भाषेत शिरण्याचे नाकारणारा मालक उपयोगमूल्याचे रक्षण करीत नाही. ते दुसऱ्याच्या मर्जीवर सोपवितो. खरेदीदाराच्या बाजूनेही चित्र एकरंगी नाही. बाग मिळविल्यावर लोपाखिन रडतो आणि आपले वेळीच का ऐकले नाही असे रानेव्हस्कायाला विचारतो. तो प्रश्न विजयी माणसाचा वाटत नाही; त्याला हवा असलेला दुसरा पक्ष त्याला कधी मिळालाच नाही.

महाराष्ट्रातील जुने वाडे गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर पडले आणि त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. त्या प्रत्येक जागेवर मालक, भाडेकरू, भाऊबंद आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यात बोलणी झाल्या असणार, कित्येक फिसकटल्या असणार. अंगण, तुळशीवृंदावन आणि झोपाळा यांच्या स्मरणरंजनाला मराठी ललित गद्यात तोटा नाही. कोणी कोणाला काय बोलले, कोणाला बोलावलेच नाही, मागच्या खोलीतल्या भाडेकरणीचे काय ठरले, याच्या नोंदी मात्र तुलनेने विरळ आहेत. या विषमतेला समीक्षाही अंशतः जबाबदार आहे. वाड्याच्या चौकटीवर हात ठेवून उभ्या राहणाऱ्या पात्रात तिला काव्य दिसते. इसाराची रक्कम मोजणाऱ्या पात्रात दिसत नाही. साहित्यातील घराची विक्री वाचताना पुढील काळात एक साधा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे: या संहितेत अट कोणी घातली, आणि विनंती कोणाला करावी लागली?